यूएसएस वॉर्ड : पहिल्या गोळीनंतरची तीन वर्षं

गलबत (धागाकर्ता)

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय. त्यात 'वॉर्ड' या विनाशिकेचं नाव एखाद्या ओळीत येतं: "हल्ल्याआधी एक जपानी पाणबुडी बुडवली होती." पुढे काहीच नाही. वॉर्ड त्यानंतर अगदी तीन वर्षं लढली. त्यातली जवळजवळ दोन वर्षं ती विनाशिका नव्हतीच, सैनिक वाहून नेणारी जलद नौका होती. तिचं खरं युद्ध ते होतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

आधी तिचा जन्म. कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंड गोदीत 15 मे 1918 ला कणा बसवला आणि 1 जूनला जहाज पाण्यात उतरलं. 17 दिवस! पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता आणि अमेरिकेला विनाशिका हव्या होत्या, त्या घाईतला हा विक्रम. चार धुराडी, सपाट डेक, सुमारे 96 मीटर लांबी, 35 नॉटचा वेग, चार इंची चार तोफा आणि पाणतीर सोडायच्या बारा नळ्या. नाव दिलं जेम्स हार्मन वॉर्ड यांचं. अमेरिकन यादवी युद्धात मारला गेलेला नौदलाचा पहिला अधिकारी.

युद्ध संपलं, 1921 मध्ये वॉर्ड राखीव ताफ्यात गेली आणि जवळजवळ वीस वर्षं नुसती बांधून ठेवली होती. जानेवारी 1941 मध्ये तिला पुन्हा सेवेत घेतलं. खलाशी कोण? बरेचसे मिनेसोटातल्या सेंट पॉलचे राखीव नौसैनिक. समुद्रापासून दीड-दोन हजार किलोमीटर आत राहणारी पोरं!

7 डिसेंबरची सकाळ थोडक्यात सांगतो. विल्यम आउटरब्रिज यांनी वॉर्डची सूत्रं घेऊन दोनच दिवस झाले होते. जहाजाचे कप्तान म्हणून ही त्यांची पहिलीच नेमणूक. पहाटे चारच्या सुमारास 'कॉन्डॉर' या सुरुंग काढणाऱ्या नौकेने पेरिस्कोप दिसल्याचं कळवलं. वॉर्डने शोध घेतला, काही सापडलं नाही. साडेसहानंतर 'अँटारीस' हे रसद-जहाज बंदराकडे येत असताना त्याच्या मागे एक छोटी पाणबुडी लपतछपत येताना दिसली. वरून एक कॅटालिना विमान घिरट्या घालत होतं, त्याने धुराच्या खुणा टाकून जागा दाखवली. पावणेसातला पुढच्या पहिल्या तोफेचा गोळा वरून निघून गेला. मग तिसऱ्या नंबरच्या तोफेने पन्नासेक मीटरवरून गोळा झाडला आणि तो पाणबुडीच्या मनोऱ्याच्या बुडाशी बसला. पाठोपाठ डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब. 6:53 ला आउटरब्रिज यांनी मुख्यालयाला स्पष्ट शब्दांत कळवलं: संरक्षित क्षेत्रात शिरलेल्या पाणबुडीवर आपण गोळीबार केला, डेप्थ चार्ज टाकले. विमानं आली आठला पाच मिनिटं कमी असताना.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं सवडीने लिहितो.

सांजवेळ

वाचतेय. 17 दिवसांत जहाज! पुढचा भाग लवकर टाका.

इतिहासप्रेमी_नाशिक

उत्तम सुरुवात. एक प्रश्न मला कायम सतावतो. तासभर आधी संदेश मिळूनही कोणी हललं का नाही? शब्द तर नेमके होते.

गलबत (धागाकर्ता)

संदेश पोचला, पण संकेतातून उलगडण्यात आणि मग एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला फोन करण्यात वेळ गेला. त्याआधीच्या काही महिन्यांत पाणबुडी दिसल्याच्या कितीतरी खोट्या खबरा आल्या होत्या, म्हणून जो तो आधी खातरजमा करू पाहत होता. 'मोनॅगन' या तयार विनाशिकेला वॉर्डच्या मदतीला जायचा हुकूम मिळाला 7:51 ला. चार मिनिटांत बाँब पडायला लागले.

यात आउटरब्रिज यांचं मोठेपण मला वेगळं दिसतं. दोन दिवसांचा कप्तान, देश अजून युद्धात नाही, समोरची पाणबुडी चुकून आपलीच निघाली असती तर कारकीर्द तिथेच संपली असती. तरी त्यांनी आधी कोणाला विचारलं नाही, हुकमाप्रमाणे तोफ डागली. त्यांना नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, ते रास्तच होतं.

तरीही साठ वर्षं लोक शंका घेत राहिले की खरंच पाणबुडी बुडाली का. ऑगस्ट 2002 मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना ती बंदराबाहेर सुमारे 400 मीटर खोल पाण्यात सापडली. मनोऱ्याच्या बुडाशी गोळ्याचं भोक, दोन्ही पाणतीर जागच्या जागी. वॉर्डच्या खलाशांनी 1941 मध्ये जे लिहून दिलं होतं तेच.

आता मुख्य विषय.

1942 च्या अखेरीस वॉर्डला वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या गोदीत नेलं आणि तिचं रूप पालटलं. अमेरिकन नौदलाकडे पहिल्या महायुद्धातल्या अशा जुन्या विनाशिकांचा साठा होता. ताफ्याच्या लढाईत त्यांचा पाणतीर-हल्ला आता कामाचा नव्हता. पण पॅसिफिकमध्ये बेटामागून बेट घ्यायचं तर एक वेगळीच नड होती. शे-दोनशे सैनिकांची तुकडी अंधारात झटकन नेऊन एखाद्या किनाऱ्यावर उतरवायची आणि उजाडायच्या आत निघायचं. मोठी सैन्यवाहू जहाजं संथ, खोल पाणी मागणारी आणि शत्रूच्या विमानांना सहज दिसणारी. एसटी जशी वाडीच्या फाट्यापर्यंत जाते तसं काहीतरी हवं होतं.

1938-39 मध्येच 'मॅनली' या जुन्या विनाशिकेवर हा प्रयोग झाला होता. तो जमला म्हणून मग 'कोलहून', 'ग्रेगरी', 'लिटल', 'मॅकीन', 'स्ट्रिंगम' आणि पुढे करत करत तीसहून अधिक जहाजं बदलली. वॉर्डचा नवा क्रमांक एपीडी-16; एपीडी म्हणजे अशी जलद सैन्यवाहू नौका. हिरवे पट्टे रंगवलेल्या या नौकांना मरीन (जहाजांतून उतरून लढणारे सैनिक) 'ग्रीन ड्रॅगन' म्हणायचे. किनाऱ्यावरच्या झाडीला चिकटून उभं राहायचं तर रंगही झाडीचाच हवा.

बॉयलरवाला

मी व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये आयुष्य काढलं, म्हणून या बदलाबद्दल थोडं.

या जहाजांत चार बॉयलर होते, दोन पुढच्या खणात, दोन मागच्या. एपीडी करताना पुढचे दोन काढून टाकले, त्यांची दोन धुराडीही गेली. म्हणून फोटोत वॉर्डला आधी चार धुराडी दिसतात आणि नंतर दोनच. तो रिकामा झालेला खण म्हणजे सैनिकांची राहायची जागा. खाटांच्या उतरंडी, एकावर एक. शेजारीच पेटते बॉयलर, बाहेर सॉलोमन बेटांचा उन्हाळा. पत्र्याच्या खणात, बंद झाकणाखाली, पाठीवर पूर्ण सामान घेऊन निघालेल्या शंभरावर माणसांची रात्र कशी जात असेल हे ज्याने बॉयलर रूममध्ये पाळी केली आहे त्याला सांगायला नको.

वेग 35 वरून पंचविसेक नॉटवर आला. नावात 'जलद' असलं तरी विनाशिकेपुढे ती मंदच. पण त्या काळची बरीच सैन्यवाहू जहाजं पंधराच्या आसपास चालायची, त्या मानाने हिच्या हाती संपूर्ण रात्रीत मोठं अंतर यायचं.

पाणतीराच्या नळ्या गेल्या, त्या जागी दोन्ही बाजूंना डेव्हिटवर (होड्या वरखाली करायच्या खांबांवर) मिळून चार होड्या. न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स यांच्या कारखान्यातल्या, प्लायवुडच्या, 36 फुटी. एका होडीत साधारण 36 माणसं. चार होड्या म्हणजे एका फेरीत 144. एक कंपनी एका दमात किनाऱ्यावर, सगळं आखलेलं होतं ते त्या हिशेबाने.

एक गोष्ट धागाकर्त्यांना विचारायची आहे. एका बॉयलर खणावर चालणारं जहाज म्हणजे तिथे एक फटका बसला की सगळी वाफ गेली. विनाशिकेत निदान दुसरा खण उरतो. हा धोका त्यांना माहीत असणारच?

गलबत (धागाकर्ता)

@बॉयलरवाला, मनःपूर्वक आभार. हा खाटांचा तपशील मी इतका नीट मांडूच शकलो नसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर वॉर्डच्या शेवटातच आहे, तिथे येतोच.

फेब्रुवारी 1943 मध्ये वॉर्ड दक्षिण पॅसिफिकला निघाली. 7 एप्रिलला तुलागीजवळ जपानी विमानांचा मोठा हल्ला परतवताना ती तोफा चालवत होती, जूनमध्ये ग्वाडलकॅनालजवळ पुन्हा. उरलेला वेळ ताफ्यांना सोबत करणं, पाणबुड्यांवर पहारा, सामान आणि माणसं या बेटावरून त्या बेटावर. रोजनिशीत मिरवायला काही नाही असे महिने.

मग डिसेंबर 1943 पासून एकामागून एक उतरवण्या. न्यू ब्रिटनवर केप ग्लॉस्टर. 1944 च्या जानेवारीत सायडोर, फेब्रुवारीत निसान बेट (इथे न्यूझीलंडचे सैनिक उतरले), मार्चमध्ये एमिराउ, एप्रिलमध्ये ऐटापे, मेमध्ये बिआक, जुलैअखेर केप सान्सापोर, 15 सप्टेंबरला मोरोटाई. नकाशा उघडून ही नावं बोटाने जोडत जा. न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याने पश्चिमेला सरकत सरकत फिलिपिन्सच्या दारापर्यंत जाणारी रेघ तयार होते. अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांच्या सैन्याची ती वाट, आणि त्या वाटेवरच्या इतक्या पायऱ्यांवर हे 1918 चं जहाज हजर आहे.

17 ऑक्टोबर 1944. फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर मुख्य सैन्य उतरणार होतं 20 तारखेला. त्याच्या तीन दिवस आधी आखाताच्या तोंडावरची छोटी बेटं ताब्यात घ्यायला रेंजर, म्हणजे लष्कराचे खास छापामार सैनिक, पाठवले. वॉर्डने आपली माणसं दिनागात बेटावर उतरवली. पर्ल हार्बरची पहिली गोळी झाडणारं जहाज फिलिपिन्सच्या मुक्तीच्या पहिल्याच दिवशी तिथे होतं, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं.

अनाहूत_वाचक

हे सगळं वाचताना वाटलं की या नौका तशा सुरक्षित राहिल्या. वॉर्डला दोन वर्षं काहीच झालं नाही?

गलबत (धागाकर्ता)

वॉर्ड नशीबवान. तिच्या बहिणींचं ऐका.

सुरुवातीच्या सहापैकी चार बुडाल्या. 7 ऑगस्ट 1942 ला तुलागीवर मेरिट एडसन यांचे मरीन रेडर (मरीनांची खास छापामार तुकडी) उतरले ते याच नौकांमधून. तीन आठवड्यांत, 30 ऑगस्टला, 'कोलहून' बाँबहल्ल्यात गेली.

5 सप्टेंबरची रात्र तर वाचवत नाही. 'लिटल' आणि 'ग्रेगरी' रेडरना साव्हो बेटावरून परत आणून ग्वाडलकॅनालवर सोडून मोकळ्या झाल्या होत्या. धुकं दाट, तुलागीच्या बंदरात शिरणं धोक्याचं, म्हणून रात्रभर गस्त घालायचं ठरलं. एकच्या सुमारास तोफांचे लखलखाट दिसले. पाणबुडी असेल असं आधी वाटलं, प्रत्यक्षात 'युदाची', 'हात्सुयुकी' आणि 'मुराकुमो' या तीन जपानी विनाशिका किनाऱ्यावर मारा करत होत्या. नेमकं त्याच वेळी आपल्याच एका कॅटालिना विमानाच्या वैमानिकाने, त्यालाही तिथे पाणबुडी आहे असं वाटून, प्रकाशबाण सोडले. ते या दोघींच्या पुढ्यात पडले. उजेडात दोन्ही नौका लख्ख दिसल्या आणि जपान्यांनी तोफा वळवल्या. दोन्ही कप्तान, 'लिटल'चे लॉफबर्ग आणि 'ग्रेगरी'चे बावर, त्या रात्री गेले. जखमी बावर यांनी आपल्याला सोडून मदतीसाठी ओरडणाऱ्या दुसऱ्या खलाशाकडे जायला सांगितलं होतं.

ग्रेगरीवरचे मेस अटेंडंट चार्ल्स जॅक्सन फ्रेंच यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कृष्णवर्णीय असल्यामुळे नौदलात त्यांना वाढप्याचंच काम. जखमींनी भरलेला तराफा जपानी ताब्यातल्या किनाऱ्याकडे वाहत चाललेला पाहून त्यांनी कमरेला दोर बांधला आणि शार्क असलेल्या पाण्यात तासन् तास पोहत तराफा ओढला. सगळे वाचले. त्यांना त्या वेळी मिळालं एक प्रशस्तिपत्र. पदक आलं 2022 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

अपुऱ्या साधनांनिशी या नौकांनी मोहिमेच्या यशासाठी अत्यावश्यक कामं केली, अशा अर्थाचं पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी नंतर लिहिलं. अपुरी साधनं हे अगदी खरं. 'मॅकीन' नोव्हेंबर 1943 मध्ये बोगनव्हिलला मरीन घेऊन जात असताना विमानाच्या पाणतीराने गेली. आत सैनिक होते. पन्नासहून अधिक मरीन आणि साठेक खलाशी गेले.

सांजवेळ

फ्रेंच यांच्याबद्दल आजच पहिल्यांदा वाचलं. रात्री झोप लागणार नाही.

मिनेसोटाकरीण

मी सेंट पॉलमध्ये राहते. वॉर्डची ती तिसऱ्या नंबरची तोफ इथे विधानभवनाच्या आवारात आहे. 1958 पासून, मिनेसोटा राज्याला शंभर वर्षं झाली तेव्हा आणली. इथली पोरं त्या जहाजावर होती म्हणून.

आमच्याकडे कोणी भारतातून आलं की विधानभवन दाखवायला नेतोच, तेव्हा मी आवर्जून तोफेपाशी थांबवते. फोटोत मोठी वाटते, प्रत्यक्षात तिची नळी पुढच्या टोकाला इतकी बारीक आहे की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल. फिरवायची चाकं, नेमबाजाची बसायची जागा सगळं उघड्यावर. समोर आडोसा म्हणून काही नाही. थंडीत बर्फ साचतो तो थेट त्या बैठकीवर. माणसं अशीच उघड्यावर उभी राहून लढली हे तिथे गेल्यावरच कळतं. मुलांना चढायला आवडतं, मी चढू देत नाही.

मला प्रश्न असा की जहाज बुडालं तर तोफ वाचली कशी?

गलबत (धागाकर्ता)

@मिनेसोटाकरीण, किती छान लिहिलंत. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या धाग्याच्या विषयातच आहे: तोफ वाचली ती वॉर्ड सैन्यवाहू झाली म्हणून! ती स्वयंपाकघराच्या छतावर उजव्या बाजूला बसवलेली होती. ब्रेमर्टनला रूपांतर करताना जुन्या चार इंची तोफा उतरवल्या आणि विमानांवरही रोखता येतील अशा तीन इंची बसवल्या. 1944 मध्ये जहाज तळाला गेलं तेव्हा ती तोफ केव्हाच जमिनीवर होती.

आता शेवट.

डिसेंबर 1944. लेटेच्या पूर्व किनाऱ्यावर अमेरिकन सैन्य उतरून दीड महिना झाला होता, पण पश्चिमेच्या ऑर्मॉक बंदरातून जपान्यांना कुमक मिळतच होती. ते दार बंद करायला 77 व्या पायदळ डिव्हिजनला समुद्रमार्गे थेट ऑर्मॉकच्या खाली उतरवायचं ठरलं. रिअर ॲडमिरल स्ट्रूबल यांच्या ताफ्यात वॉर्ड होती. दिवस 7 डिसेंबर.

सकाळी सातनंतर सैनिक उतरले, किनाऱ्यावर फारसा प्रतिकार झाला नाही. वॉर्डने आपली शंभरेक माणसं सोडली आणि पोन्सोन बेट व लेटेच्या मध्ये पहाऱ्याला गेली. दहाच्या सुमारास कामिकाझे, म्हणजे जहाजांवर आदळणारी जपानी आत्मघाती विमानं, आली. शेजारीच पहाऱ्यावर असलेल्या 'महान' या विनाशिकेवर विमानं आदळली, तीही त्याच दिवशी बुडाली. वॉर्डवर आलेलं दोन इंजिनांचं विमान डाव्या बाजूने, पाण्याच्या रेषेच्या जरा वर घुसलं. नेमकं कुठे? बॉयलर रूमच्या पुढच्या भागात आणि तिला लागून असलेल्या सैनिकांच्या खणात.

@बॉयलरवाला, तुमची शंका इथे तंतोतंत खरी ठरली. सगळी वाफ एका झटक्यात गेली, जहाज जागीच थांबलं, पंप चालेनात, आग आवरेना. पण तो सैनिकांचा खण रिकामा होता! तीन तास आधी हेच झालं असतं तर मॅकीनसारखी गत झाली असती. कप्तान फारवेल यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि एकही माणूस दगावला नाही.

जळणारं जहाज शत्रूच्या हाती लागू नये, इतर जहाजांनाही धोका होऊ नये म्हणून ते तोफांनी बुडवायचं काम आलं 'ओब्रायन' या नव्या विनाशिकेकडे. ओब्रायनचे कप्तान होते विल्यम आउटरब्रिज. तेच.

दरम्यानच्या काळात ते युरोपात जाऊन आले होते. जून 1944 मध्ये फ्रान्समधल्या शेरबूरसमोर जर्मन तोफखान्याचा गोळा ओब्रायनवर बसला होता आणि त्यांची तेरा माणसं गेली होती. तिथून पॅसिफिक, आणि बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, आपल्या पहिल्या जहाजावर गोळ्या झाडायचा हुकूम. त्यांनी तो पाळला.

इतिहासप्रेमी_नाशिक

अंगावर काटा आला. कथेत कोणी असं लिहिलं असतं तर पटलं नसतं.

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. ती पहिली गोळी नसती तर आज वॉर्डचं नाव कोणाला माहीत असतं? तीसहून अधिक एपीडी होत्या, आपण त्यातल्या दोन-तीन सोडून बाकीच्यांची नावंही सांगू शकत नाही.

गलबत (धागाकर्ता)

बरोबर, आणि माझी तक्रार तीच आहे. गोळी झाडण्याचं काम काही मिनिटांचं होतं. सायडोरपासून ऑर्मॉकपर्यंत अंधारात, खडकाळ पाण्यात, वरून विमानांची भीती असताना माणसं नेऊन सोडायची आणि पुन्हा दुसरी आणायची, हे महिनोन् महिने चाललं. युद्ध पुढे सरकलं ते या फेऱ्यांनी. त्यातल्या सैनिकांच्या घरच्यांच्या दृष्टीने तीच वॉर्ड महत्त्वाची.

अनाहूत_वाचक

जहाजाचे अवशेष सापडले का?

गलबत (धागाकर्ता)

हो. डिसेंबर 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या 'पेट्रेल' या संशोधन जहाजाला ऑर्मॉकच्या उपसागरात सुमारे 200 मीटर खोलीवर सापडली. पाण्याखाली काढलेली चित्रफीत उपलब्ध आहे, जरूर बघा.

बॉयलरवाला

बघितली. धुराड्यांचं वगैरे बाजूला ठेवा, मी फक्त बॉयलर खणाची जागा शोधत होतो.

एक विनंती. विनाशिकांच्या याच वर्गातली 'ब्यूकॅनन' ब्रिटिशांना दिली होती, तिची 'कॅम्पबेलटाऊन' झाली आणि 1942 मध्ये फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या कोरड्या गोदीच्या दारावर स्फोटकांसकट नेऊन आदळली. त्यावर कोणी लिहाल का?

गलबत (धागाकर्ता)

ती फार मोठी कहाणी आहे, वेगळा धागा लागेल. आधी 'मॅनली' आणि 'मॅकीन'ने 8 सप्टेंबर 1942 ला एडसन यांच्या रेडरना तासिंबोकोवर उतरवलं त्यावर लिहितोय, ग्रेगरी आणि लिटल बुडाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात टाकतो.